चेंडूवरचा मुकुट

कागदावर शिक्का उमटला आणि सचिव इनासियोच्या डोक्यात तिडीक गेली. नव्या देशाच्या फुटबॉल महासंघाचा हा पहिलावहिला शिक्का. त्यात देशाचं नवं नाव होतं, चेंडू होता, आणि चेंडूच्या वर, नुकत्याच निघून गेलेल्या राज्यकर्त्यांचा मुकुटही होता! म्हातारा शिक्केवाला चाळीस वर्षं सरकारी शिक्के कोरत आलेला. सवयीनं त्याच्या हातून मुकुटही कोरला गेला होता.

समोर बसलेले साहेब खळखळून हसले. ते त्याच राज्यकर्त्यांच्या देशातले, जागतिक फुटबॉल संघटनेतर्फे महासंघाचा सदस्यत्वाचा अर्ज तपासायला आलेले. दुपारच्या विमानानं अर्ज गेला नाही, तर रविवारचा देशाचा पहिला सामना कुठेही नोंदला जाणार नव्हता.

"राहू द्या हो," साहेब म्हणाले. "आमची तेवढीच आठवण."

इनासियो वीस वर्षं गोलकीपर होता. आत घुसलेलं मुकाट्यानं राहू देणं त्याला जमतच नसे. त्यानं खणातून दाढीचं पातं काढलं आणि शिक्का उलटा धरून रबरावरचा मुकुट खरवडायला घेतला. बोट कापलं, तरी तो थांबला नाही. मग कोरा अर्ज भरून त्यानं शिक्का असा हाणला, की टेबलावरची रेफरीची शिट्टी उडून खाली पडली.

साहेबांनी चष्मा सावरला. "चेंडूच्या वर मोकळीच जागा दिसतेय. काय आहे तिथं?"

"काही नाही," इनासियो म्हणाला. "आजवर तिथं तुम्ही बसला होतात."