आईच्या वतीने

दादाचा पक्ष एक, धाकट्याचा दुसरा, आणि तेवढ्यापायी दोघा भावांत सात वर्षांचा अबोला. आईची दृष्टी गेलेली, त्यामुळे मतदानाला एका मुलाने तिच्यासोबत आत जाऊन तिच्या वतीने बटण दाबायचं. मागच्या निवडणुकीत दादा गेला होता. या वेळी आईने मुद्दाम धाकट्याला बोलावून घेतलं.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे ती त्याच्या कानात कुजबुजली, "दादाच्या माणसाचं बटण दाब हं, बाळा."

धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्याच उमेदवाराचं बटण दाबून तो म्हणाला, "दाबलं गं."

आईचा चेहरा केवढा खुलला!

महिन्याभरात ती गेली. तिला पोचवून आल्यावर दोघं भाऊ दाराच्या पायरीवर टेकले. धाकट्याला राहवेना. त्याने सगळं सांगून टाकलं आणि म्हणाला, "शेवटपर्यंत ती तुझीच राहिली, दादा."





"मागच्या खेपेला तिने मला तुझ्या माणसाचं बटण दाबायला सांगितलं होतं रे," दादा म्हणाला. "मीही नाही दाबलं."