चोवीस व्होल्ट

"आजी, हात लावू नका. ही वायरिंग साठ वर्षांची आहे," मालकाचा माणूस ब्रँट म्हणाला.

"आजी मी माझ्या नातवंडांची. तुला मिसेस प्रुइट," ओडेसा म्हणाली आणि भिंतीवरच्या तपकिरी बटणाचा स्क्रू काढू लागली.

अमेरिकेतल्या टोलेडो शहरातल्या त्या दुमजली इमारतीत सहा बिऱ्हाडं होती, त्यातलं वरच्या मजल्यावरचं एक ओडेसाचं. वायरिंग जिवाला धोकादायक आहे, तीस दिवसांत घरं रिकामी करा, अशी नोटीस मालकानं सहाही दारांवर चिकटवली होती. आज खातरजमा करायला शहराचा निरीक्षक आला होता. खालच्या मजल्यावरची रोझारिओ तान्ह्याला कडेवर घेऊन दारात उभी होती.

झाकण निघालं. आत टेलिफोनच्या असतात तशा बारीक तारा. ओडेसानं नळाखाली हात ओला केला आणि दोन तारांची उघडी टोकं चिमटीत धरली. ब्रँट दोन पावलं मागे सरला.

ओडेसा तशीच उभी राहिली.

"चोवीस व्होल्ट," ती निरीक्षकाला म्हणाली. "दारावरच्या घंटेइतकी. मोठी वीज खाली तळघरात, लोखंडी पेटीत आहे. इथलं बटण दाबलं की तिथला रिले, म्हणजे मोठी वीज जोडणारा खटका, खट्ट करतो आणि दिवा लागतो."

निरीक्षकानं मीटर लावून पाहिलं. मग तळघरात जाऊन आला. गुडघे झटकत म्हणाला, "पेटी स्वच्छ आहे. कोण बघतं?"

"मी. अकरा रिले बदललेत. ह्याच्या मालकाला विचारा, त्यानं किती बदलले."

निरीक्षकानं नोटिशीवर आडवी रेघ मारली आणि खाली सही केली. "ह्या कारणासाठी घरं रिकामी करता येणार नाहीत."

ब्रँटनं कागद घडी करून खिशात घातला. जाता जाता दारात थांबला. "ह्या बाईंचं वय एकाहत्तर. आणखी किती वर्षं पुरतील त्या? मग कोण दुरुस्त करणार हे?"

रोझारिओनं बाळाला सतरंजीवर ठेवलं, टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला आणि झाकण भिंतीला लावून धरलं. स्क्रू दोनदा निसटला.

"उजवीकडे फिरव," ओडेसा म्हणाली. "आणि सावकाश. आपल्याला कुठं जायचंय?"