सत्तावीस नंबरचा दगड

सरांनी दगड जिभेला लावला. ओला झाल्यावर दाणे उठून दिसले, मोहरीएवढे, गोल, एकाला एक चिकटलेले. त्यांनी चाकूचं टोक ओढलं. दगडावर ओरखडा नाही, उलट चाकूचंच पोलाद त्याच्यावर उतरलं. मग अ‍ॅसिडचा थेंब टाकला. चुनखडी असती तर फसफसली असती. हा थेंब नुसता बसून राहिला.

म्हणजे दगड खरा होता. दाणेदार चुनखडी, म्हणजे ऊलाइट, पण आतून पार गारगोटी झालेला. असला दगड या डोंगरावर नाही हे सर छातीठोकपणे सांगत आले होते. डोंगराचा नकाशा त्यांनीच काढला होता, आणि त्यात सगळीकडे साधी चुनखडी होती.

“कुठून आणलास?”

विद्यार्थिनीने समोरच्या कातळाकडे बोट दाखवलं. तिचा सगळा प्रबंध या दगडावर उभा होता. सरांनी सही केली नाही तर चार वर्षं पाण्यात. तरी ती शांत होती. सरांना तेच खटकलं. मागे एका पठ्ठ्याने बाजारातून विकत आणलेला दगड असाच रानातून उचलून दाखवला होता. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. सर तेव्हापासून साधं पाणीही फुंकून पीत.

त्यांनी दगडाची तुटकी कड कातळाला लावून पाहिली. नीट बसली. इतकी नीट, की संशय आणखी वाढला. आणि मग त्यांना कातळावर, कडेच्या वर थापलेला चिखल दिसला. पंधरा दिवसांत पाऊस नव्हता आणि चिखल ओला होता.

कुठेतरी पाणी मुरतंय, ते मनात म्हणाले. खाली सिमेंट लपवलं असणार. त्यांना रागापेक्षा वाईट जास्त वाटलं, पोरगी हुशार होती. पिण्याचं पाणी ओतून ते रुमालाने चिखल पुसू लागले.

खाली लाल रंग निघाला. विटलेला आकडा, सत्तावीस, आणि भोवती अर्धवट सोडलेला गोल. गोल असा सोडून द्यायची सवय एकाच माणसाला होती.

“आधी नंबर दिसला असता तर तुम्ही दगड तपासलाच नसता, सर. म्हणून सकाळी येऊन लिंपला.”

सर खाली बसले. नकाशासाठी हा नंबर टाकला त्या दिवशी दाणे दिसले तशी त्यांनी वहीत चुनखडी लिहून टाकली होती. हातच्या काकणाला आरसा कशाला? अ‍ॅसिडच्या बाटलीचं बूच उघडलंच नव्हतं. आता त्यांना तिच्याकडे बघायचीही लाज वाटली.

सहीसाठी उद्या ये, असं ते तिला म्हणाले.

“या डोंगरावर माझे असे नंबर किती आहेत?”

“एकेचाळीस, सर.”

सरांनी अ‍ॅसिडची बाटली उन्हात धरली आणि आत किती उरलंय ते पाहिलं.