रुपचंदभाऊंचं लॉगिन

"बठ्ठं थांबी गयं, माय," रुपचंदभाऊ फोनवर म्हणाले. म्हणजे सगळं थांबलं.

भाऊ घाबरले की अहिराणीवर येतात, हे सबीहाला आठ वर्षांत पाठ झालं होतं. जळगावच्या तेल कंपनीत भाऊ डिस्पॅचचे मॅनेजर आणि ती त्यांच्या हाताखालची क्लार्क. होती, असं म्हणायचं. तिला कामावरून काढून आज दहावा दिवस. कणीक मळता मळता तिने फोन उचलला होता, तोही पिठाच्याच हाताने.

कंपनीचं सगळं सॉफ्टवेअर आज सकाळी क्लाउडवर गेलं होतं. खरेदी, साठा, बिलं, धुळ्याचा कारखाना, दोंडाईचाचं गोदाम, सगळा कारभार त्यावरच. जुना सर्व्हर कालच बंद केलेला. या बदलासाठी गेले दहा दिवस नोंदी बंद ठेवून गाड्या हातपावतीवर सोडल्या होत्या. नव्यात पासवर्ड टाकला की मोबाइलवर सहा आकडी नंबर येतो आणि तो दिल्याशिवाय आत जाता येत नाही. भाऊंचा नंबर आला तो सबीहाच्या मोबाइलवर. महिन्यापूर्वी भाऊंच्या नव्या लॉगिनचा फॉर्म तिनेच भरला होता. भाऊंच्या बटणांच्या फोनमध्ये मेसेज कधी मावत नसत, म्हणून तिने सरळ स्वतःचा मोबाइल नंबर लिहिला. त्यात तिचा काही डाव नव्हता. भाऊंचं सगळं तीच करायची, त्यात हे एक.

सगळं म्हणजे अगदी सगळं. जुन्या सॉफ्टवेअरचेही पैसे माणशी पडायचे, म्हणून कंपनीने डिस्पॅचला काम करता येईल असं एकच लॉगिन घेतलं होतं, भाऊंच्या नावाचं. सबीहाच्या नावाचं होतं, पण नुसतं बघण्यापुरतं. ते कशाला कोण उघडतंय? सकाळी आली की ती भाऊंच्या नावाने आत शिरायची, संध्याकाळी भाऊंच्या नावानेच बाहेर पडायची. भाऊ शेजारी बसून पेपर वाचत आणि ट्रान्सपोर्टवाल्यांना शिव्या घालत. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. तिलाही वाटत नव्हतं, हीच तर खरी गोम.

मग क्लाउडची तयारी करायला पुण्याचे लोक आले. त्यांनी वर्षभरात कोणी किती काम केलं ते छापून काढलं. रुपचंद पाटील, दिवसाला तीनशे नोंदी. सबीहा शेख, शून्य. मालक अर्हमशेठ मीटिंगमध्ये खूश होऊन म्हणाले, "भाऊ, तुम्ही एकटे चौघांचं काम ओढता की." सबीहा समोरच बसली होती. भाऊ आता बोलतील, मग बोलतील, म्हणून वाट बघत राहिली. मोठ्या माणसाला चारचौघांत खाली पाहायला लावायचं नाही, ही तिच्या घरची शिकवण. भाऊंनी चष्मा काढून पुसला. शून्यवाल्यांना क्लाउडवर न्यायचं नाही असं ठरलं, आणि ज्याला सॉफ्टवेअरमध्ये नाव नाही त्याला ऑफिसात खुर्ची तरी कशाला? आता बोला.

"लवकर सांग ना, बेटा," भाऊ म्हणाले. "सतरा ट्रक भरून उभे आहेत. धुळ्याच्या गाड्याही माझ्याच लॉगिनवर अडकल्यात. शेठ इथे डोक्यावर उभे आहेत."

तिने मोबाइल कानापासून दूर धरून पाहिला. सहा आकडे दिसत होते. दहा मिनिटांत ते निकामी होणार होते. एकदा वाटलं, सांगून टाकावं. दोन वर्षांत रिटायर होतील बिचारे. मग तिला नवरा आठवला, उमर. त्याच्या वेल्डिंगला आठवड्यातून दोन दिवस काम, आणि तिची नोकरी गेल्यापासून तो घरात उगाचच गोड बोलत होता. ते गोड बोलणं आठवलं आणि तिचं डोकं फिरलं.

"भाऊ, फोन स्पीकरवर टाका."

"कशाला?"

"टाका. मग नंबर सांगते."

खडखड झाली. कोण आहे, म्हणून अर्हमशेठनी विचारलेलं ऐकू आलं.

"शेठ, मी सबीहा. भाऊंच्या नावाने आठ वर्षं मी काम केलंय. त्या तीनशे नोंदी माझ्या आहेत. खोटं वाटत असेल तर भाऊंना एक गाडी सोडून दाखवायला सांगा."

तिकडून ट्रकवाल्यांचा गलका तेवढा येत होता.

"खरं आहे, शेठ," भाऊ शेवटी म्हणाले. "मी त्याला कधी हातही लावला नाही. सगळं या पोरीनेच केलं."

सबीहाला रडू आलं. एकदाचं बोलले भाऊ. उशिरा का होईना, शेठच्या तोंडावर बोलले. तिचा भाऊंवरचा राग तिथल्या तिथे विरघळला. आता शेठ म्हणणार, रिक्षा कर आणि ताबडतोब ये. ती कबूल केल्याप्रमाणे एकेक आकडा सावकाश बोलली, सहाच्या सहा. मग ओढणीने डोळे पुसून फोन पुन्हा कानाला लावला.

स्पीकर बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. अर्हमशेठ पुण्याच्या माणसाशी बोलत होते.

"उघडलं ना? हा मोबाइल नंबर बदलता येतो का?"

"हो सर. दोन मिनिटांचं काम आहे."

"मग आधी तो बदला. आणि सोमवारी ती नवीन मुलगी लागली आहे ना, तिला भाऊंच्या शेजारी बसवा. आजवर चालत होतं तसं चालू द्या."

"सर, मग तिच्या नावाने लॉगिन घेऊ या. काय नाव तिचं?"

"तिचं कशाला?" अर्हमशेठ म्हणाले. "भाऊंचं आहे ना."