चुकीचा कंडेन्सर

आतल्या खोलीत बाळ झोपलं, तशी लेक वडिलांच्या टेबलापाशी येऊन बसली. जुन्या ॲम्प्लिफायरमधले फुगलेले, गळके कपॅसिटर कालच बदलून झाले होते. आज तिने एक धडधाकटही काढून टाकला होता.

"बाबा, हा कंडेन्सर तुम्ही चुकीचा घातला होतात," ती म्हणाली. बाबा कंडेन्सर म्हणत, म्हणून या टेबलापाशी तीही तेच म्हणे. "सर्किटच्या नकाशात आकडा केवढा आणि हा केवढा! दहापट. वरचे सगळे सूर गिळून बसला होता मेला. मी नकाशाप्रमाणे लहान घातलाय."

"असेल. दुकानात तेवढाच होता," बाबा म्हणाले. हात थरथरू लागल्यापासून त्यांनी पक्कड लेकीच्या हवाली केली होती आणि स्वतःकडे फक्त देखरेख ठेवली होती.

तिने बटण दाबलं. व्हायोलिन असं लख्ख उमटलं की तिला आपलीच पाठ थोपटावीशी वाटली.

"आई, ये ना! ऐक तुझं गाणं."

आई दारापर्यंत आली. "छानच झालंय हो," म्हणाली आणि, "भाजी करपेल," म्हणत परत वळली. गॅस केव्हाच बंद होता.

लेकीचा चेहरा उतरला. हा सगळा घाट आईसाठीच तर होता. तिच्या बाळंतपणापासून आईने रात्रीच्या रात्री बाळ खांद्यावर घेऊन काढल्या होत्या. तिची रोजची दुपारची गाणी तरी तिला परत मिळावीत, एवढंच लेकीच्या मनात होतं.

"जुनाच घाल," बाबा म्हणाले.

"का पण?"

"मला त्याची सवय आहे."

"तुम्हाला? तुम्हाला दारावरची घंटा ऐकू येत नाही, बाबा!"

बाबांनी काढलेला कंडेन्सर बोटाने तिच्यापुढे सरकवला. तिने तो आता नीट पाहिला. दोन्ही तारांवर मापात कापलेली नळी, टोकाला मण्यासारखा गुळगुळीत डाख. किती निगुतीने बसवला होता.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. "आई, खरं सांग. टोचतंय ना कानाला?"

आई ओशाळली. "तू झालीस तेव्हा ताप आला होता ना, तेव्हापासून बारीक आवाज सुईसारखा घुसतो गं. कुणाला बोलले नाही. घरात तान्हं मूल, त्यात माझं कुठे रडगाणं!"

"बाबांनाही नाही?"

"छे! पण यावरची गाणी कधी टोचली नाहीत. आजच काय झालं कोण जाणे."

लेक टेबलापाशी आली. लहान कंडेन्सर काढला, मोठा होता तिथे बसवला. गाणं पुन्हा सुरू झालं तेव्हा आई हात पुसत बाहेर आली आणि खुर्चीत टेकली. तिने लेकीच्या हातातला लहान कंडेन्सर पाहिला, टेबलापाशी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कोण सांगणार? हिचा खुळखुळा वाजला की तू डोळे गच्च मिटायचीस."

"आणि मी वेडी," आई म्हणाली, "इतकी वर्षं मनातल्या मनात या डब्याला दुवा देत होते!"

"म्हणून तर एवढा टिकला," बाबा म्हणाले.