ड्रेसिंगपुरती गोष्ट

पट्टी सोडली आणि प्रणाली चपापून पुढे वाकली. ठमाबाईच्या तळपायाची जखम गेल्या खेपेला कशी छान भरत आली होती. आज तिच्यात वाळूचे कण होते आणि कडेने पू धरला होता.

"पट्टी कोणी सोडली, आजी?"

"सुटली गो."

"सुटली, आणि आपली आपण पुन्हा गाठ मारून बसली?"

ठमाबाई खिडकीतून चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बरी झाली त तू मना हितं बोलवशील काय? मंग गोष्ट कोन सांगंल?"

आता या म्हातारीला काय म्हणावं! मधुमेहाचा पाय, त्यात कालवाच्या शिंपल्याची धार लागलेली. पहिल्या ड्रेसिंगला ती पाय हिसकून घ्यायला लागली, तेव्हा प्रणालीने तिला गप्प बसवायला गोष्ट काढली होती. गोदूचा एकुलता एक मुलगा रघू मीठ वाहणाऱ्या मचव्यावर खलाशी म्हणून गेला, तो परत आलाच नाही. गोदू रोज बंदरावर जाऊन बसायची. पट्टी बांधून झाली की गोष्ट थांबायची. पुढचं पुढच्या ड्रेसिंगला.

खरं सांगायचं तर प्रणालीलाही तेच हवं होतं. नर्सिंगची डिग्री घरासाठी आणि कथा आपल्यासाठी, अशी तिने मनाशी वाटणी केली होती. पण मासिकांकडे गेलेल्या कथा मुकाट परत येत. घरी वाचायला घेतली की आईला नेमका गॅसवरचा भात आठवे. कानात प्राण आणून "मंग?" म्हणणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते या दवाखान्याच्या बाकावर पाय पुढे करून बसायचं. ते येत राहावं असं तिला फार वाटे. असं वाटतं म्हणून लाजही वाटे.

पलीकडून सगळं ऐकणाऱ्या मोठ्या किशोरी सिस्टरांनी पडदा सारून जखम पाहिली. "गोष्ट आज संपव, प्रणाली. नाहीतर पाय जाईल तिचा."

प्रणालीने सलाईनने वाळू धुवायला घेतली आणि गोष्ट पुढे नेली. शेवट तिने केव्हाच लिहून ठेवला होता. रघू येत नाही. बंदरावर बसून बसून गोदू म्हातारी होते आणि एक दिवस परक्याच्याच पोराला "आलास?" म्हणते. त्या शेवटावर तिचा जीव होता. इतकं चांगलं आपल्याला पुन्हा सुचायचं नाही, असं तिला वाटायचं.

पण ठमाबाईचा मुलगा विनेश कंटेनरचा ट्रक घेऊन गुजरातला गेला होता आणि तिकडेच संसार थाटून बसला होता. त्याचा फोनसुद्धा येत नव्हता. रघू प्रणालीने कुठून उचलला होता, ते उघडच होतं.

"मंग?" ठमाबाईने विचारलं. "आला का त्यो?"

प्रणालीच्या हातातला चिमटा थांबला. म्हातारी पाय ओढत नव्हती. ती प्रणालीच्या तोंडाकडे बघत होती.

"आला," प्रणाली म्हणाली. "एके दिवशी सकाळी मचवा बंदराला लागला आणि त्यातून रघू उतरला. गोदूने त्याला तांदळाची भाकरी करून घातली."

प्रणालीने पट्टी गुंडाळली आणि चिकटपट्टी दाबून बसवली.

"सपली?"

"संपली. आता ही सोडायची नाही, आजी. बरं व्हायचं."

ठमाबाई काठी टेकत उठली. प्रणाली हातमोजे काढत उभी होती. एवढ्या दिवसांत कोणी एकदा तरी म्हणावं, गोष्ट चांगली रचतेस गो पोरी, याची तिला भूक लागली होती. आज तरी म्हणेल, असं तिला वाटलं.

पडद्यापाशी गेलेली ठमाबाई मागे आली. तिने प्रणालीच्या गालावरून आपला खरखरीत हात फिरवला.

"त्यो आला न्हाय गो," ती म्हणाली. "पन तू नर्स चांगली हायस."