गोल कोपरे

मेकॅनिकनं चावी अर्धी फिरवली आणि मीटरवर बोट ठेवलं.

"चावी फिरवली की इथले सगळे दिवे एकदा तरी लागतात. हा एक लागतच नाही. इंजिन तापल्याचा."

"बल्ब गेला असेल," धाकटा म्हणाला.

सहा महिन्यांत चौथ्यांदा तो या गॅरेजमध्ये उभा होता. गाडी मोठी, नावाजलेली. आत चामड्याच्या सीटा, दार लावलं की बाहेरचा आवाज बंद. फक्त जरा चढ लागला की वाफा सोडत भर रस्त्यात बसकण मारायची. आज बॉनेट उघडताना त्याचं बोटही चांगलंच कापलं होतं. त्यावर रुमाल गुंडाळून तो तसाच उभा होता.

गाडी मूळची दादाची. दादा डॉक्टर, हाताला गुण असलेला. घड्याळापासून मिक्सरपर्यंत घरातलं काहीही बिघडलं तरी स्वतः उघडून स्वतः बसवणार. नवी गाडी घेतल्यावर त्यानं ही जुनी धाकट्याला विकली. "परक्याला कशाला देऊ? लेकीसारखी सांभाळलीय," असंही वर म्हणाला होता. ती पहिल्यांदा बंद पडली तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "तुमच्या दादांना माहीत असणार हे." धाकट्यानं तिला पुढे ब्र काढू दिला नाही. दोन दिवस तिच्याशी बोललाही नाही. दादाबद्दल असलं काही ऐकून घेणाऱ्यातला तो नव्हताच.

मेकॅनिकनं चार स्क्रू काढले, मीटर पुढे ओढलं आणि मागे डोकावून पाहिलं.

"बल्ब शाबूत आहे साहेब. झाकलाय." स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं त्यानं नखाएवढा तुकडा सोलून काढला. जखमेवर लावतात ती कापडी पट्टी, एकावर एक तीन थर. "तुम्ही लावलीत?"

"नाही."

"मग आधीच्या मालकानं. हे दुखणं तुमच्याकडे यायच्या आधीचं आहे. पण काम निगुतीचं हं! चारही कोपरे गोल कापलेत, बघा."

धाकट्यानं तुकडा तळहातावर घेतला. लहानपणी त्याचा गुडघा फुटला की दादा अशीच पट्टी कापायचा. टोकदार कोपरा कपड्याला घासून उचलतो, गोल कोपरा जागचा हलत नाही, असं समजावून सांगायचा. आजही दवाखान्यात कंपाउंडरनं चौकोनी पट्टी लावली तर दादा ती काढून स्वतः दुसरी लावतो. ही खोड दुसऱ्या कुणाला असल्याचं धाकट्यानं पाहिलं नव्हतं.

त्याला इतकं वाईट वाटलं की राग यायलाही वेळ लागला. दादानं आपल्याला फसवलं. खरं सांगितलं असतं तर त्यानं मोडकी गाडीही हसत घेतली असती. आणि आता बायकोसमोर कुठल्या तोंडानं जायचं? त्यानं तो तुकडा स्टिअरिंगच्या वर ठेवून दिला आणि सीटवर बसून राहिला.

तेवढ्यात दादाची नवी गाडी दारात येऊन थांबली. गाडी बंद पडली की धाकटा त्याला फोन करायचा आणि तो हातातलं काम टाकून घरी सोडायला यायचा.

"पेशंट बसवून ठेवून आलो बघ. पुन्हा दगा दिला का हिनं?" दादा खिडकीशी आला आणि त्याला रुमाल दिसला. "अरे, रक्त? आधी सांगायचं नाही का! दाखव."

आवाजातली काळजी खरी होती. धाकट्याला तेच सहन होईना.

दादानं आपली बॅग आणली, दार उघडून समोर वाकला, जखम पुसली. फुंकर घातली. मग पट्टीचा तुकडा तोडला आणि छोटी कात्री काढली. एक कोपरा गोल कापला. दुसरा कापला. पट्टी फिरवून धरण्यासाठी उजेडाकडे वळला, तेव्हा त्याची नजर समोर गेली. मीटर तारांवर लोंबकळत होतं. त्यात लाल दिवा लागलेला होता. वर तो नखाएवढा तुकडा होता.

कात्री थांबली. मेकॅनिक हात पुसायचं फडकं शोधत मागच्या बाजूला निघून गेला.

"काप ना, दादा," धाकटा बोट तसंच पुढे धरून म्हणाला. "दोन कोपरे राहिलेत."